श्रावणात ज्येष्ठांना घेऊन उज्जैन: मुक्काम, क्रम आणि काही खबरदारी

ताई, आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपले सासू-सासरे पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत, सासूबाईंच्या गुडघ्यांना त्रास आहे, श्रावणात आपण सर्वजण पुण्याहून दिरांकडे इंदूरला येणार आहात आणि त्यांतल्या एका सोमवारी उज्जैनला जाऊन त्याच दिवशी परत यायचे आहे. भस्म आरती घडलीच पाहिजे का, शिप्रेत स्नान करावे का, सासऱ्यांच्या मनात असलेले पितरांचे कार्य सिद्धवटावर, म्हणजे शिप्रेकाठच्या पवित्र वडापाशी, कसे करावे आणि दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वर जमेल का, असे आपण विचारले आहे. मी इंदूरचा रहिवासी आहे आणि आमच्या भागातल्या मराठी मंडळातर्फे ज्येष्ठ मंडळींना उज्जैनला नेण्याचे काम बरीच वर्षे करत आलो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी मुख्य गोष्ट सांगतो. इंदूर ते उज्जैन अंतर अवघे पंचावन्न किलोमीटर असल्यामुळे सकाळी निघून रात्री परत येऊ असे प्रत्येकालाच वाटते, आणि तशी यात्रा होतेही. पण ती महाकालाच्या रांगेची यात्रा होते, अवंतिकेची, म्हणजे पुराणातल्या उज्जैनची, होत नाही. अयोध्या, मथुरा, माया, काशी, कांची, अवंतिका आणि द्वारका या सात मोक्षपुरींत जिची गणना होते ती नगरी एका मंदिरापुरती नाही. नदी, नदीकाठची देवी, चार दिशांचे द्वारपाल महादेव, चौऱ्याऐंशी शिवलिंगे, वटवृक्ष, भैरव असे ते सबंध क्षेत्र आहे. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात त्याचे वर्णन आहे आणि वैशाखातल्या पंचक्रोशी यात्रेत माळव्यातली खेडुत मंडळी डोक्यावर शिधा घेऊन, भर उन्हात, आजही ११८ किलोमीटर चालत त्याची प्रदक्षिणा करतात. आपल्याला एवढे करायचे नाही, परंतु दोन रात्रींचा मुक्काम उज्जैनमध्येच करावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मंदिराजवळची खोली थोडी महाग पडली तरी चालेल, कारण दुपारी दोन तास पाठ टेकायला मिळाली तर ज्येष्ठ माणसे संध्याकाळी पुन्हा ताजीतवानी होतात.

आता सोमवारविषयी. माळव्यात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे इथला श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, म्हणजे आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी. पुण्याहून येणारी मंडळी 'श्रावणातला पहिला सोमवार' म्हणून येतात तेव्हा इथे श्रावणातले दोन सोमवार होऊनही गेलेले असतात. तरीही आपले काही चुकत नाही, कारण महाकालाची सवारी, म्हणजे दर सोमवारी नगरातून निघणारी पालखी, श्रावण संपला तरी थांबत नाही. इथल्या पंचांगाप्रमाणे भाद्रपदाचा कृष्ण पक्ष म्हणजे आपल्या श्रावणाचा कृष्ण पक्ष. त्या पिठोरी अमावास्येपर्यंतच्या सोमवारीही पालखी निघते, आणि ही शिंद्यांच्या काळापासून चालत आलेली मराठी पद्धत आहे असे उज्जैनचे लोकच सांगतात. दोन्ही पंचांगांना एकत्र सांभाळणारे असे दुसरे उत्सव मला फारसे ठाऊक नाहीत. शेवटच्या सोमवारच्या सवारीला सर्वांत मोठी गर्दी होते. तो दिवस आणि नागपंचमी हे दोन दिवस ज्येष्ठांना घेऊन टाळावेतच. महाकालाच्या शिखराखालच्या तिसऱ्या मजल्यावरचे नागचंद्रेश्वराचे मंदिर वर्षातून फक्त नागपंचमीला चोवीस तास उघडते आणि त्यासाठी लाखोंची रांग लागते.

सोमवारची सवारी दुपारी चारच्या सुमारास मंदिरातून निघते. सभामंडपात पूजन होते, दारात पोलिसांची सशस्त्र तुकडी देवाला मानवंदना देते आणि नगराचा राजा प्रजेची विचारपूस करायला बाहेर पडला या भावनेने गुदरी, बक्षी बाजार, कहारवाडी या अरुंद रस्त्यांनी पालखी रामघाटावर जाते. तिथे शिप्रेच्या पाण्याने पूजन होऊन ती परत फिरते. सासूबाईंना हे पाहायचे असेल तर गल्लीत उभे राहू नये. नदीच्या पलीकडे दत्त आखाड्याच्या बाजूला दुपारी तीनच्या आधी जाऊन पायऱ्यांवर बसावे. समोरच्या काठावरचे पूजन तिथून नीट दिसते. नदीला पूर असेल तर मात्र हा बेत सोडावा, कारण पावसाळ्यात शिप्रा एका रात्रीत चढते आणि काठावरची लहान मंदिरे कळसापर्यंत पाण्यात जातात.

माझा स्वतःचा सल्ला असा की आपण सोमवारऐवजी मंगळवारी पोहोचावे आणि गुरुवारी सकाळी परतावे. श्रावणातला प्रत्येक दिवस महाकालाचाच आहे. सोमवारचा हट्ट सोडला की तीच रांग निम्म्याहून कमी वेळात सरकते.

पहिल्या दिवशी इंदूरहून नाश्ता करून निघावे, सांवेरमार्गे यावे आणि शहरात शिरण्याआधी डावीकडे वळून चिंतामण गणेशाचे दर्शन घ्यावे. उज्जैन-इंदूरच्या मराठी घरांत लग्नाची पहिली पत्रिका अजूनही याच गणपतीसमोर ठेवतात. गाभाऱ्यात चिंतामण, इच्छामण आणि सिद्धिविनायक अशी तीन रूपे आहेत, आणि मंडपाचे जुने दगडी खांब परमारांच्या काळातले मानले जातात. चैत्रातल्या बुधवारी इथे जत्रा भरते. एरवी देऊळ शांत असते आणि गाडी जवळपर्यंत जाते. तिथून थेट मुक्कामी जाऊन जेवण आणि विश्रांती घ्यावी. त्या दिवशी महाकालाच्या रांगेकडे वळू नये.

संध्याकाळी पाचच्या सुमारास हरसिद्धीला जावे. सतीचे कोपर इथे पडले अशी श्रद्धा आहे आणि विक्रमादित्याची ही आराध्य देवता मानली जाते. पण मराठी माणसाचे पाऊल थबकते ते अंगणातल्या दोन दीपमाळांपाशी. जेजुरीला किंवा आपल्या गावच्या देवीपुढे दिसते तीच घडण, फक्त उंची खूप मोठी. दोन्ही मिळून एक हजार अकरा दिवे. पूर्वी त्या नवरात्रातच उजळत. आता भाविक आधी नोंदणी करून इतर दिवशीही तेलाचा खर्च देतात, आणि एका वेळी सुमारे ६० लिटर तेल लागते. आरतीच्या आधी दिवे लावणारी माणसे अनवाणी, दगडी दिव्यांनाच पायरी करून, वर चढत जातात. एक जण तेल ओततो, दुसरा वात पेटवतो, आणि ज्या दिव्यावर आत्ता पाय होता तोच पुढच्या क्षणी जळू लागलेला असतो. शेंड्यापर्यंत पोहोचल्यावर ही माणसे पेटलेल्या दिव्यांच्या मधून कशी उतरतात हे अवश्य पाहावे. त्यासाठी दीपमाळेच्या पायथ्याशी उभे न राहता ओसरीच्या कडेला बसावे, म्हणजे तेलाचे थेंब अंगावर पडत नाहीत आणि सासूबाईंना टेकायलाही जागा मिळते.

हरसिद्धीजवळच अगस्त्येश्वराचे लहानसे देऊळ आहे. चौऱ्याऐंशी महादेवांतला हा पहिला. त्याचे महत्त्व मी पुढे सांगतो, पण त्याच संध्याकाळी जागा पाहून ठेवावी. तिथून रामघाट चालत काही मिनिटांवर आहे आणि उताराचा असल्यामुळे येताना ई-रिक्षा करावी.

शिप्रेच्या स्नानाविषयी मी स्पष्टच लिहितो. इंदूर शहरातून वाहणारी कान्ह नदी शिप्रेला त्रिवेणीपाशी, शनिमंदिराजवळ मिळते, आणि ती जागा रामघाटाच्या वरच्या अंगाला आहे. आमच्या शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्या वाटेने या पवित्र नदीत आले, हे इंदूरकर म्हणून लिहिताना मला अतिशय वाईट वाटते. २०१४ पासून नर्मदेचे पाणी उचलून शिप्रेच्या उगमाजवळ सोडले जाते, कान्हचे पाणी बाहेरून वळवण्याची कामे २०१६च्या सिंहस्थापूर्वीही झाली आणि आता २०२८च्या सिंहस्थासाठी पुन्हा चालू आहेत. पण श्रावणात पाणी गढूळ असते, पायऱ्यांवर शेवाळ असते आणि प्रवाहाचा भरवसा नसतो. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी पाण्यात उतरू नये. वरच्या पायरीवर बसून तांब्याभर पाण्याने हातपाय धुवावेत, मस्तकावर मार्जन करावे आणि मुक्कामी येऊन आंघोळ करावी. मार्जनाने तीर्थस्नान घडते हे कोणताही तीर्थोपाध्याय सांगेल. सूर्यास्ताच्या वेळची शिप्रेची आरती मात्र चुकवू नये.

दुसऱ्या दिवशी पहाटे महाकाल. भस्म आरती अनिवार्य आहे का, याचे माझे उत्तर 'नाही' असे आहे. ही आरती एरवी पहाटे चारला सुरू होते, श्रावणात मंदिराची दारे आणखी लवकर उघडतात, आणि जागा मिळवण्यासाठी मध्यरात्रीनंतर लगेच रांगेत उभे राहावे लागते. नोंदणी आधी करावी लागते, ओळखपत्र जवळ लागते आणि श्रावणातल्या नोंदण्या फार लवकर भरतात. नोंदणी नसलेल्यांसाठी मंदिर समिती श्रावणात चालत्या रांगेतून आरतीदर्शनाची सोय करत आली आहे, पण त्यात क्षणभरच दर्शन होते. ज्यांचे शरीर साथ देते त्यांनी ही आरती आयुष्यात एकदा जरूर पाहावी. पंचामृताने स्नान होते, शृंगार होतो, मग लिंगावर वस्त्र पांघरून महानिर्वाणी आखाड्याकडून आलेले भस्म कापडाच्या पुरचुंडीतून हलकेच झटकत चढवले जाते. तेवढे काही क्षण स्त्रिया पदर चेहऱ्यावर ओढून घेतात. डमरू आणि झांजांच्या गजरात भस्माचा तो धूसर पडदा विरत जातो आणि त्यातून देवाचे रूप प्रकट होते. ज्यांना रात्रीचे जागरण झेपणार नाही त्यांच्यासाठी सकाळी सातची दध्योदक आरती, संध्याकाळची आरती आणि रात्री साडेदहाची शयन आरती या तिन्ही वेळा उत्तम आहेत. आपण व दिरांनी भस्म आरतीला जावे आणि सासू-सासऱ्यांना सकाळच्या आरतीच्या सुमारास आणावे, अशी विभागणी मला सर्वांत योग्य वाटते.

आणखी एका गोष्टीची कल्पना सासऱ्यांना घरीच द्यावी. ते पूर्वी कधी येऊन गेले असतील तर त्यांनी गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हाताने पाणी घातले असेल. २०२३च्या श्रावणापासून सामान्य भाविकांना गाभाऱ्यात प्रवेश बंद झाला आणि दर्शन नंदीमंडप व गणेशमंडपाच्या बाजूने होऊ लागले. निघण्यापूर्वी मंदिराच्या संकेतस्थळावर सध्याचा नियम एकदा पाहून घ्यावा. लिंगाची झीज होऊ नये म्हणून अभिषेकासाठी शुद्ध केलेलेच पाणी मोजक्या प्रमाणात वापरावे, असे निर्बंध सर्वोच्च न्यायालयासमोरच्या प्रकरणातून आधीच आले होते, आणि २०२०च्या निकालात लिंगाला हाताने घासण्यासही मनाई झाली. मला हे निर्बंध मनापासून पटतात. दक्षिणमुखी असे हे एकमेव ज्योतिर्लिंग. ते पुढच्या पिढ्यांना दिसले पाहिजे. तरीही हाताने पाणी घालण्याची सासऱ्यांची इच्छा राहून जाऊ नये, म्हणून मी अगस्त्येश्वराचा उल्लेख केला. तिथे गर्दी नसते, तांब्या आणि बेलाची पाने घेऊन निवांत बसता येते आणि रुद्राचे एक आवर्तन सावकाश म्हणता येते. महाकालाच्या बंद गाभाऱ्यापुढे हिरमुसलेली कितीतरी वृद्ध माणसे मी तिथे समाधानाने उठताना पाहिली आहेत.

मंदिरात मोबाइल नेता येत नाही, तो खोलीवरच ठेवावा. २०२२ साली खुला झालेला महाकाल लोक हा परिसर नऊशे मीटरहून लांब आहे. सासूबाईंना तो पायी चालायला लावू नये, चाकाची खुर्ची किंवा विजेवरची गाडी मागावी. शिल्पे आणि १०८ स्तंभ संध्याकाळच्या प्रकाशात बघण्यासारखे आहेत, पण वेळ कमी असेल तर तेवढा वेळ मी मंदिराच्या जुन्या प्रांगणाला देईन. कोटितीर्थ कुंडाच्या काठी बसावे. इल्तुतमिशाने तेराव्या शतकात उद्ध्वस्त केलेले हे मंदिर पुढे पाचशे वर्षांनी राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारले. आज आपण पाहतो ते शिखर त्या काळाचे आहे. गाभाऱ्यात अखंड तेवणारा नंदादीप, शिवनवरात्रात प्रांगणात होणारे मराठी वळणाचे नारदीय कीर्तन या गोष्टीही त्याच परंपरेतल्या. निघताना साक्षी गोपाळाला नमस्कार करावा, म्हणजे दर्शनाची साक्ष राहते असे मानतात.

पितरांच्या कार्याचे असे. प्रयागच्या अक्षयवटाचे जे स्थान, तेच इथे सिद्धवटाचे. तो शहराच्या उत्तरेला, भैरवगडाजवळ शिप्रेच्या काठावर आहे. मोगलांनी हा वड तोडून वर लोखंडाचे तवे ठोकले आणि त्यांना भेदून पालवी फुटली, अशी कथा तिथे सांगतात. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नोंदींच्या जुन्या वह्या असतात. आपले मूळ गाव, आडनाव, गोत्र आणि तीन पिढ्यांची नावे कागदावर लिहून नेली तर नोंद सापडण्याची शक्यता असते आणि सापडली नाही तरी सासऱ्यांच्या हस्ते नवी करून घ्यावी. कार्य दुपारच्या आधी उरकेल अशा बेताने सकाळी नऊपर्यंत पोहोचावे, म्हणजे त्या दिवशी महाकालाचे दर्शन अगदी पहाटेच घ्यावे लागेल. सासऱ्यांना ही दगदग झेपणार नसेल तर तिसरी रात्र वाढवावी. अशा वेळी दोन्ही गोष्टी एका सकाळी कोंबू नयेत. दक्षिणा, साहित्य आणि ब्राह्मणभोजन मिळून किती, हे बसण्यापूर्वीच स्पष्ट बोलून घ्यावे. संकल्प सुटल्यावर रकमेवरून घासाघीस होणे दोन्ही बाजूंना शोभत नाही. आपल्या वेदशाखेप्रमाणे कार्य करायचे असेल तर तेही आधीच विचारावे.

सिद्धवटाच्या वाटेवरच कालभैरव आहे. देवाला मद्याचा नैवेद्य दाखवतात. पुजारी बशी मूर्तीच्या ओठांना लावतो आणि ती रिकामी होत जाते. आपल्या घरात ते रुचत नसेल तर नारळ आणि फुले वाहावीत, कोणी आग्रह करत नाही. पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी विजयासाठी आपली पगडी या भैरवाच्या चरणी ठेवली अशी आख्यायिका आहे. पुढे मंगळनाथ आहे. तिथली भातपूजा, म्हणजे लिंगाला शिजवलेल्या भाताचा लेप, मंगळदोषासाठी करतात. ती करायचीच असेल तर मंदिराची अधिकृत पावती घेऊन करावी, बाहेर कोणी पत्रिका पाहून भीती घातली तर तिकडे लक्ष देऊ नये. परतताना सांदीपनी आश्रम लागतो. कृष्ण, बलराम आणि सुदामा यांचे हे गुरुगृह. गोमती कुंडाजवळ उभा असलेला नंदी मुद्दाम पाहावा, कारण बसलेला नंदी आपण सगळीकडेच पाहतो. गढकालिका आणि भर्तृहरीची गुंफा त्याच बाजूला आहेत. गुंफेतला मार्ग अरुंद आणि ठेंगणा आहे, तेव्हा सासूबाईंनी बाहेरच थांबलेले बरे.

दुसऱ्या संध्याकाळी बाजारातल्या गोपाळ मंदिरात जावे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधवलेले हे मंदिर आहे आणि त्याची चांदीची दारे सोमनाथची असून महादजींनी ती परत मिळवली असे परंपरा सांगते. वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री महाकालाची पालखी इथे येते. हराला तुळस आणि हरीला बेल वाहिला जातो. कधी कार्तिकात येणे झाले तर तो सोहळा पाहावा; गर्दी असली तरी श्रावणाएवढी नसते आणि हवाही छान असते.

ओंकारेश्वर या प्रवासात जोडू नये. ते इंदूरच्या दुसऱ्या बाजूला सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे, घाटाचा रस्ता आहे, आणि श्रावणात त्या रस्त्यावर कावडयात्रींमुळे गाड्या तासन्‌तास अडकतात. उज्जैनहून परतल्यावर इंदूरला एक पूर्ण दिवस विश्रांती घेऊन, महेश्वरला मुक्काम करण्याच्या तयारीने गेलात तर गोष्ट वेगळी. तसे जमत नसेल तर गुरुवारी सकाळी परतीच्या आधी जयसिंगपुऱ्यातली वेधशाळा पाहावी. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेल्या या यंत्रांची दुरुस्ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये करवली. भारतीय ज्योतिषात मध्यरेखा उज्जैनवरूनच मोजत, आणि तिथे चढ-उतारही फारसा नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरातले अनेक रस्ते खोदलेले आहेत, म्हणून इंदूरचे विमान किंवा रेल्वे गाठायची असेल तर त्या दिवशी दोन तास हाताशी ठेवावेत. तारीख पक्की झाली की सर्वांत आधी खोली, मग भस्म आरतीची नोंदणी आणि त्यानंतर सिद्धवटाच्या उपाध्यायांशी बोलणे, या क्रमाने कामाला लागावे.